सुमनाबाईंचा विडा

सकाळी नाशिक सोडताना जीपमध्ये आम्ही तिघंच होतो. गाडी चालवणारा रामदास, मागे श्रीलंकेच्या सुमनाबाई आणि पुढे वैतागलेला मी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या हौशी नाट्यसंघानं सिंहली मंडळींचं मुखवट्यांचं नाटक बोलावलं होतं. संध्याकाळी प्रयोग, तिकिटं संपलेली, आणि मुख्य नटी, म्हणजे या सुमनाबाईच, म्हणत होत्या, मी रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही.

त्यांच्याकडे प्रयोगाआधी गुरूला 'बुलत' (विड्याच्या पानांची जुडी) देऊन पाया पडतात. बाईंचे गुरू वारल्यापासून त्या वयानं वडील अशा एखाद्या नटाला बुलत देत. पण साठी उलटलेल्या बाईंहून मोठं त्यांच्या मंडळीत कुणी नव्हतं, आणि आमच्यातला सर्वांत म्हातारा नट म्हणजे मी, पन्नाशीचा! मी पाय पुढे करायलाही तयार होतो. बाई नुसत्या हसल्या.

शेवटी रामदासच म्हणाला, "भाऊ, सुरगाण्याकडं आमचा आजा हाय. लय म्हातारा, पण बोहाड्यात अजून नाचतो." बोहाडा म्हणजे डोंगरातल्या गावांचा देवादिकांच्या सोंगांचा उत्सव.

दिंडोरीला द्राक्षांचे घड बघून बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. तिथल्या पानवाल्यानं मात्र सगळ्या पानांचे देठ आधीच खुडून ठेवले होते. बाईंना पानं देठासकट हवी होती. वणीला पूजेच्या दुकानात ती मिळाली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तरुणपणी भारतात गाणं शिकल्यामुळे बाईंना मोडकंतोडकं हिंदी येई. रेडिओवरच्या नाटकांत त्या नायिका होत्या. टीव्हीवर मात्र इतकी वर्षं खाष्ट सासू केली, की बाजारात भाजीवाल्या त्यांच्यावर डोळे वटारतात म्हणे. घाटातल्या वळणांवर त्यांनी त्या सासूचा आवाज काढला आणि रामदासनं दचकून ब्रेक मारला.

पाड्यावर रामदासच्या आजानं, सोमाबाबांनी, आधी जेवायला बसवलं. नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी. बाईंचा घसा तिखटानं पेटला, तरी त्यांनी भाकरी परत मागून घेतली. मग हात धुऊन, पानांची जुडी ओंजळीत धरून त्या वाकल्या.

बाबा झटकन मागे सरले. "नाय बाई! मुखवटा चढवला का देव. तवा सगळं गाव पाया पडतं. आता मी नुस्ता माणूस हाय."

"मग घाला ना घटकाभर!" मी म्हणालो.

"बोहाड्याबगर त्यो खाली काढत नाय," बाबांनी मला ठणकावलं. रामदासनं जीभ चावली. मला घड्याळ दिसू लागलं, आणि रिकाम्या रंगमंचासमोर बसलेलं भरगच्च थिएटर.

मी बाईंना सगळं हिंदीत समजावलं. त्या भिंतीवर उंच टांगलेल्या भीमाच्या मुखवट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "याचे पाय कुठे आहेत?"

रामदासनं आजाला सांगितलं. बाबांनी मुखवट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांकडे. या खेपेला ते मागे सरले नाहीत. बाईंनी जुडी त्यांच्या हातात दिली आणि कपाळ पायांवर टेकवलं. "नाचून नाचून जलम गेला," बाबा म्हणाले, "पन माझ्या पाया कोनी पडलं नव्हतं."

घड्याळ बघायचं मी विसरूनच गेलो.

नाशिकला वेळेत पोहोचलो. नाटक झकास रंगलं. सिंहली मला ओ की ठो कळत नव्हतं. मी आपला मुखवट्याखाली नाचणाऱ्या बाईंच्या पावलांकडे बघत होतो.

उन्हाळ्यात मी बोहाड्याला मुद्दाम गेलो. सोमाबाबा भीम होऊन नाचले, गाव पाया पडलं. मी थांबलो. मुखवटा उतरल्यावर घामेजलेल्या बाबांसमोर वणीहून आणलेली पानं धरली, देठासकट.

"बाईंनी धाडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," मी म्हणालो, "ही माझी," आणि वाकलो.