मागून हाक न मारणारी राजाबाई

मुकुंदवाडीत आमच्या शेजारी राजाबाई राहते. मुलगा सोमनाथ अग्निशमन दलात, सून सुकेशनी एकशे आठच्या गाडीवर डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा देवगाव रंगारीची पाहुणेमंडळी म्हणाली होती, "पोरगा आग विझवणार, सून माणसं उचलणार, मग चूल कोण पेटवणार?" राजाबाई म्हणाली, "मी काय मेले व्हय?"

ह्या घरात दिवाळी दिवाळीला होत नाही. त्या रात्री फटाक्यांपायी सोमनाथ गाडीवर असतो. दोघांची सुट्टी एका दिवशी जमली की मग फराळ. माझी तक्रार नाही. मला चिवडा दोनदा मिळतो.

राजाबाईच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माणूस कळप घेऊन निघाला की त्याला मागून हाक मारायची नाही, हा तिथला कायदा. मेंढरं विकली, पण राजाबाईनं कायदा शहरात आणला आणि फोनलाही लावला. ड्युटीवर गेलेल्याला ती फोन करत नसे. एकदा घराची किल्ली सोमनाथच्या खिशात गेली, तर दिवसभर आमच्या ओट्यावर बसून राहिली, आणि तेवढ्या वेळात अख्ख्या गल्लीच्या सुनांचा निकाल लावला.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी चहाच्या आशेनं तिच्याकडं गेलो. पंखा गरगरत होता आणि बाई घामानं भिजलेली. डावा हात चोळत होती.

"सांडूभाऊ, चहा नाय आज. रातचं भरीत बाधलं."

"भरीत हातात उतरत नसतं. सुकेशनीला फोन लाव."

"ड्युटीवर गेलीया ती."

"अगं, हीच तर तिची ड्युटी."

"गाडी दुसऱ्या कुणाला लागंल. सोमनाथ येईल सांजंला, तवर पडते."

तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. सून माझी नव्हती आणि कायदाही माझा नव्हता. मी एकशे आठला फोन लावला. राजाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी तिचं कोकरूच पळवलंय.

जवळची गाडी सुकेशनीचीच निघाली. सासूला पाहून ती दारात क्षणभर थबकली, मग पेशंटजवळ बसावं तशी बसली. छातीला तारा लावल्या, एक गोळी चावायला दिली.

"नाव?"

"तुला ठावं नाय व्हय?"

"तुम्ही शुद्धीत आहात का, ते बघतेय. वय?"

"अठ्ठावन्न."

"आई, खरं सांगा. इलाज करायचाय."

राजाबाईनं आधी माझ्याकडं पाहिलं. "तुमी जरा भायेर जाता का?"

मी दारापर्यंत गेलो. माझे कान अजून चांगले आहेत.

"सहासष्ट," ती पुटपुटली.

मी फक्त तिघांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कसं कळलं, देव जाणे.

हृदयाची एक नळी तुंबली होती. ती त्याच दिवशी मोकळी केली. दवाखान्यात सोमनाथ अंगावरच्या गणवेशातच धावत आला, धुराच्या वासासकट, आणि आईच्या पायाशी बसला. बोलली ती सुकेशनी.

"चार गल्ल्या पलीकडं उभी होते मी. अनोळखी माणसं हाक मारतात, तेव्हा आमची गाडी हलते. घरच्यांनीच तेवढी मारायची नाही? अजून थोडा उशीर झाला असता, तर मी नुसतं न्यायला आले असते."

राजाबाई भिंतीकडं तोंड करून पडली. "लई बोलती," एवढंच म्हणाली.

महिन्याभरानं मी ओट्यावर बसलो होतो. सुकेशनी कामावर निघाली. राजाबाईनं डबा तिच्या पिशवीत घातला, फाटकापर्यंत आली. सून कोपऱ्यापर्यंत पोचली, तेव्हा बाईनं पदर सावरला, इकडंतिकडं पाहिलं आणि हाक मारली.

"सुकेशनी, डबा घेतला का गं?"

सुकेशनी वळली. पिशवी उचलून दाखवली. "घेतला, आई."

"मग ठीक हाय. जा."

डबा हिनंच आत्ता भरून दिला, हे मी बोलणार होतो. पण चहा अजून यायचा होता.