गाऊन बोलणारं घर

मधुकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालमहून गंगाखेडला येणाऱ्या एसटीत होते. टळटळीत दुपार, खिडकीबाहेर उसाचे तुरे पांढऱ्या उन्हात डुलत होते, आणि कानाशी सरांच्या मुलीचा, वैशालीचा आवाज... "ताई, पप्पा गेले. जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." बस तशीच चालत राहिली, जणू रस्ताच झोपेत होता. त्याला आता दीड महिना झाला.

सर शाळेत मराठी शिकवत आणि सुट्टीत आम्हा हौशी मंडळींची नाटकं बसवत. माझा गळा बरा, त्यामुळे मला संगीत नाटकाची भारी ओढ. सरांना त्याचा तिटकारा. चांगला बोलता-चालता माणूस मधेच थांबतो, पेटीवाल्याकडे बघतो आणि तान घेतो, हे त्यांना खोटं वाटे. "जित्या माणसानं कधी गाऊन पाणी मागितलंय का, सुनंदा?" असं ते विचारत. एकदा मी आईच्या भूमिकेत माझ्याच चार ओळी घालून तालमीत गायले. सर म्हणाले, "लय गोड हाय. म्हणूनच काढून टाक. लोक तुझा गळा ऐकत बसतील, त्या माईचं दुःख कोण ऐकणार?" मला ते फार लागलं. दोन वर्षं मी त्यांच्याकडे फिरकले नाही.

परत गेले ती कमलकाकूंमुळे, म्हणजे सरांच्या पत्नीमुळे. त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या ओसरीवर बसल्या होत्या. तोंडातून नुसतं "त... त..." निघत होतं आणि सर समोर स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा विचारत होते, "काय पायजे? कमल, काय पायजे सांग की." उभं आयुष्य दुसऱ्यांना संवाद शिकवलेला माणूस... मला बघवेना. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शिल्लक राहतं. काकूंचे वडील जयंतीला गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचे, आणि लहानपणी काकू त्यांच्यामागे ओळ उचलून झील धरायच्या. लग्नानंतर मात्र त्या गायल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसून जयंतीच्या पाळण्याची चाल नुसती गुणगुणत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले, आणि त्याच चालीवर, न अडखळता, शब्द आले... "पाणी... पाणी द्या की..."

सर ताडकन उठले, माठातून तांब्या भरला आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले. शेवटी मीच म्हटलं, "सर, द्या ना त्यांना."

त्या दिवसापासून ते घर गाऊन बोलायला लागलं. सर ठार बेसूर. तरी "चहा घेतीस का गं" हेही चालीवर विचारायचे, शेजारी हसायचे. मला एकदा म्हणाले, "गळा दाखवायला गाणं नकोच, ते मी आजबी म्हणतो. पण बोलणं जिथं संपतं, तिथून पुढं माणसाला एक वाट हाय, हे मला कळलंच न्हाई. अन् ते जिला ठावं होतं, तिला मी चाळीस वर्षांत एकदाबी गायला सांगितलं न्हाई."

मग त्यांनी आयुष्यातलं एकमेव संगीत नाटक बसवलं, शाळेच्या हॉलमध्ये, पेटीशिवाय. मला एकच गाणं होतं. "गोड म्हणू नको," सर म्हणाले, "तहान लागल्यावानी म्हण." प्रयोगात पहिल्या रांगेतून काकूही माझ्याबरोबर मोठ्यानं गायला लागल्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही. मी थांबले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

गेल्या रविवारी काकूंकडे गेले होते. त्यांनी सरांचं जाणं, अंत्यविधी, सगळं डोळ्यांनी पाहिलंय, पण दुपारची झोप झाली की त्या विसरतात. मला बघून त्यांनी संथपणे गात विचारलं, "मास्तर... कुटं गेले... मास्तर?" वैशाली तोंडाला पदर लावून आत गेली. मला बोलता येईना. मग मी गायले, "गेले, काकू... सर गेले..." आणि मधेच माझा आवाज तुटला. काकूंनी डाव्या हातानं माझा हात धरला, डोळे मिटले, आणि ती ओळ त्यांनीच शेवटपर्यंत नेली.