खंडेनवमीनंतर बंद पडलेला चारा डेपो

त्या वर्षी आमच्या उमापूरकडं पाऊस पोळ्याआधीच निघून गेला आणि दसऱ्याला गावची जनावरं सोसायटीच्या चारा डेपोच्या भरवशावर आली. वरून हुकूम होता: संगणकावरची पावती असेल तरच कडबा. हातानं लिहिलेली चालणार नाही. ज्यांनी हा हुकूम काढला त्यांच्या दावणीला जनावर नसणार.

आमच्या दावणीला होतं. गाय, तीही गाभण. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "आज कडबा आला तर ठीक. न्हाई तर दुपारी गुरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येतोय तिला न्यायला. उपाशी बघवत न्हाई मला."

मी डेपोवर गेले तर दारापर्यंत माणसं. खिडकीतल्या संगणकावर नुसतं चक्र फिरत होतं. शेतकऱ्यांची नावं आतल्या खोलीतल्या संगणकात, पावती छापणारा तिसरा कोपऱ्यात, आणि तिघांची एकमेकांशी बोलचाल बंद.

"नेटवर्क न्हाई," सचिव म्हणाले. "गेवराईहून माणूस येईल सोमवारी."

हे वाक्य मी प्रत्येक सरकारी खिडकीत ऐकलंय. शेतकरी संघटनेच्या पत्रकांची पिशवी खांद्यावर होतीच, आवाजही तयार होता. "साहेब, नेटवर्क काय आभाळातून पडतं का?"

"त्याचं बी पावसासारखंच दिसतंय बाई," मागून एक आजोबा बोलले. लोक हसले. सचिवसुद्धा.

मी नाही हसले. "तिन्ही मशिनं एका छताखाली हायेत. एकमेकांशी बोलायला त्यांना गेवराई कावून लागती?"

"मग तूच बघ की, पुढारीणबाई."

"बघते. सरका."

गेवराईला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्यातलं एवढं पक्कं डोक्यात होतं. बाहेरच्या जगाशी गाठ घालून देतो तो राउटर. घरातल्या घरात मशिनं जोडतो तो स्विच, भोकांची एक चपटी पेटी. प्रत्येक मशिनाची एक वायर तिच्यात येते. कुठल्या भोकापलीकडं कोण बसलंय हे पेटी ध्यानात ठेवते आणि ज्याचा निरोप त्यालाच देते. सगळ्यांसाठीची हाक असेल तर ती सगळ्या भोकांतून सोडते.

पेटीवर हळदकुंकू होतं, झेंडूचं फूल होतं. खंडेनवमीला अवजारांबरोबर संगणकांचीही पूजा झाली होती. पण पेटीचे सगळे दिवे एकदम, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. मी वायरी मोजल्या. तीन मशिनं आणि एक राउटर, म्हणजे चार हव्यात. भरलेली भोकं सहा. एक वायर हातात धरून मागं मागं गेले, तर ती टेबलाखालून वळून त्याच पेटीत परत आलेली.

"ही कुणी लावली?"

"मीच," शिपाईमामा म्हणाले. "चौथं मशीन दुरुस्तीला गेलंय. त्याच्या वायरीचं टोक भुईवर लोळत होतं. पूजेत बरं दिसतं का ते? मोकळं भोक दिसलं, खोचलं."

म्हणजे एक हाक सुटली की ह्या वायरीतून पेटीतच परत यायची, पेटी ती पुन्हा सगळ्यांना सोडायची, ती पुन्हा परत. त्या गलक्यात खऱ्या निरोपाला वाट कुठून मिळणार? मामांवर चिडण्यात अर्थ नव्हता. पेट्या पाठवल्या, हुकूम पाठवला, आणि पेटी काय करते हे सांगायला एक माणूस पाठवला नाही. चीड त्याची.

मी एक टोक उपसलं. दिवे क्षणभर थंडावले, मग एकेक करून शांतपणे लुकलुकायला लागले. मी श्वास धरून उभी.

"आली! नावं आली!" खिडकीतून ओरडा झाला, आणि पाठोपाठ पावती छापल्याची करकर. इतका गोड आवाज मी त्या वर्षात ऐकला नव्हता.

"हिची आधी काढा," एक मावशी म्हणाल्या. मोह झाला. पण सगळ्यांना रांगेनंच मिळावं म्हणून पत्रकं वाटणारीनं रांग मोडायची? उभी राहिले. उन्हाकडं बघत.

कडबा चुलतभावाच्या मोटारसायकलवर बांधून घरी पोचले तर टेम्पो दारात. गाईचं दावं सोडलेलं, वडिलांच्या हातात. मी पेंढी तिच्यापुढं टाकली. तिनं मान घातली ती वर काढलीच नाही. वडील दावं परत खुंट्याला बांधत व्यापाऱ्याला म्हणाले, "चहा घेऊन जा. गाय न्हाई."