शेपूला काय झालं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, बसायला गेल्यावर मित्रांजवळही नाही. म्हणजे गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे – माइक हातात धरून, शाळांच्या हॉलमध्ये, भरल्या गर्दीसमोर – पण सांगितली ती खोटी. खरी आज पहिल्यांदा सांगतोय. जरा अडखळेन.

आधी मी काय करतो ते सांगतो. शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये, कधी मॉलमध्ये मी प्राण्यांचे शैक्षणिक कार्यक्रम करतो. माझ्याकडे बॉल पायथन जातीचा एक अजगर आहे, बिअर्डेड ड्रॅगन नावाचे दोन काटेरी सरडे, काही गेको पाली, आणि एक आफ्रिकन कासव – ते आता इतकं जड झालंय की उचलायला दोन माणसं लागतात. सगळे परदेशी, सगळ्यांची नोंदणी केलेली. साप बुळबुळीत नसतो, पाल विषारी नसते, घरात साप निघाला तर काठी शोधू नका, सर्पमित्राला फोन करा – असं सगळं मी हसवत हसवत सांगतो. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत बऱ्याच मुलांना ‘परबकाका’ माहीत आहे. मला हे काम आवडतं. आणि मला ते चांगलं जमतं, हेही खरं.

त्याच्या आधी माझं दुकान होतं. घाटकोपरला, पश्चिमेला, बाजारातल्या एका गल्लीत. बाहेरून माशांचं दुकान – गोल्डफिश, गप्पी, हवेचे पंप. आत एक पडदा, आणि पडद्यामागे रॅकवर काचेच्या पेट्या. आपल्याकडची कासवं आणि साप विकणं गुन्हा. ते मी कधी केलं नाही. बघा, हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. जणू त्याने काही भरून निघतं! मी बाहेरून आलेला माल विकायचो. हो, माल. तेव्हा आम्ही सगळे तसंच म्हणायचो.

दुकान ते शाळा हा प्रवास कसा झाला, असं लोक विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. कार्यक्रमाच्या शेवटी मी माइक जरा जवळ घेतो, आवाज खाली आणतो. म्हणतो, एक मुलगी होती, तुमच्याच वयाची. तिने माझ्याकडून एक इग्वाना, म्हणजे हिरवा परदेशी सरडा, नेला. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं. पण इग्वाना पालेभाजी खाणारा प्राणी, हे तिला माहीत नव्हतं. तिने प्रेमाने त्याला – इथे मी थांबतो – उकडलेलं अंडं भरवलं. आणि तो गेला. त्या दिवशी मी ठरवलं, आता विकायचं नाही, शिकवायचं. प्रेम पुरेसं नसतं, बाळांनो. माहिती लागते.

बाई लोक डोळे पुसतात. मग टाळ्या.

आता खरं काय ते.

तो इग्वाना माझ्या दुकानात बरेच महिने पडून होता. शेपटीचं टोक तुटलेलं, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे बघायचं नाही. या प्राण्यांना ऊन लागतं. ऊन नसेल तर एक खास ट्यूब लागते, तिच्या उजेडाने त्यांची हाडं धरतात. ती ट्यूब महाग, आणि काही महिन्यांनी बदलावीही लागते. मी पिवळे साधे बल्ब लावायचो. चार दिवसांत विकल्या जाणाऱ्या जनावराला कशाला हवी ट्यूब? – असा हिशोब. पण हा चार दिवसांत गेला नाही ना. एकदा त्याला पाणी पाजायला मी त्याचं तोंड उघडलं, तर जबडा बोटाखाली वाकला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. पायाची बोटं थरथरत होती.

मला कळलं. हे लक्षात ठेवा – मला कळलं होतं. एवढी वर्षं धंद्यात असलेल्या माणसाला ते कळायला डॉक्टर लागत नाही. मी काय केलं? पेटी खालच्या रॅकवर, अंधारात सरकवली.

त्याच आठवड्यात सबनीस मॅडम आल्या. मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. सोबत मुलगी, मनवा, अकरा वर्षांची. आल्या होत्या गोल्डफिश घ्यायला. मुलगी पडदा सारून आत गेली आणि खाली बसली, ती थेट त्याच पेटीसमोर. बाकीचे इग्वाना हात पुढे केला की काचेवर आपटायचे. हा हलला नाही. तिच्याकडे बघत बसला. “आई, हा घाबरत नाही बघ,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “स्वभावाने एकदम शांत आहे. लहान मुलांसाठी बेस्ट.”

तो शांत नव्हता हो. त्याला हलताना दुखत होतं.

मी नाही म्हणू शकत होतो. आजारी आहे, दुसरा घ्या, एवढंच म्हणायचं होतं. कुणी माझा हात धरला नव्हता. पण मला ती पेटी रिकामी हवी होती. वर मी त्यांना एक साधा बल्बही दिला, ‘स्पेशल’ म्हणून. काय खायला घालायचं विचारलं, तर म्हणालो, भाज्या, पाला, काहीही चालतं. नीट सांगितलंसुद्धा नाही. मुलीने दुकानातच त्याचं नाव ठेवलं – शेपू. हिरवा, म्हणून.

महिना झाला असेल-नसेल, त्या परत आल्या. मुलीच्या हातात बुटांचा खोका. दुकानात तेव्हा एक माणूस उभा होता. मढच्या बंगल्यांवर शूटिंगला प्राणी पुरवायचा, त्याला इग्वानाची जोडी हवी होती आणि तो पेट्या बघत होता. मॅडमनी खोका काउंटरवर ठेवला आणि अगदी साधं विचारलं, “परब, आमचं काय चुकलं?”

रागावल्या असत्या तर कदाचित मी वेगळं बोललो असतो. कदाचित. पण त्यांनीच चूक स्वतःकडे घेतली होती. मला ती फक्त तिथेच राहू द्यायची होती. मी मुलीकडे वळलो आणि विचारलं, काय काय खायला घातलंस गं त्याला? तिने सांगितलं – पालक, दुधी, जास्वंदीची पानं. मग आईकडे चोरून बघत म्हणाली, “आणि रविवारी माझ्यातलं अंडं. पिवळं. त्याला आवडायचं.”

“अंडं?” मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, त्या मढवाल्याला ऐकू जाईल असं. “अगं, अंड्यानेच गेला तो. विष आहे त्याला अंडं.”

चार-पाच रविवारच्या चिमूटभर पिवळ्याने इग्वाना मरत नाही. त्याला अंडं देऊ नये हे खरं. पण त्याने असा मरत नाही. माझ्या खोट्याला खऱ्याचं अस्तर होतं, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं.

मुलगी रडली नाही. खोक्यावर ठेवलेला हात तिने काढून घेतला, एवढंच. मॅडम म्हणाल्या, “आम्ही आधी विचारायला हवं होतं. सॉरी.” सॉरी – मला! त्या गेल्या. मढवाल्याने जोडी घेतली. संध्याकाळी मी तो खोका कचऱ्याच्या गाडीत टाकला. कांजूरच्या डम्पिंगला गेला असेल.

इथे संपलं असतं तरी एक वेळ म्हटलं असतं, धंद्यात असं होतं. पण काही महिन्यांनी सबनीस मॅडम पुन्हा आल्या. शाळेत विज्ञान सप्ताह होता. म्हणाल्या, तुम्ही प्राणी घेऊन या, मुलांना समजावून सांगा. मनवाच्या हातून झालं तसं आणखी कुणाच्या हातून होऊ नये.

मी गेलो. पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिलो आणि मला कळलं की शंभर मुलं माझ्या एका वाक्यावर श्वास रोखतात. मॅडमनी दुसऱ्या शाळेत नाव सुचवलं, तिथून तिसऱ्या. तोवर इकडे परदेशी प्राण्यांची सरकारी चौकशी व्हायला लागली होती, गल्लीतल्या दुकानांचं भाडं वाढलं होतं. मी दुकान बंद केलं. आई म्हणाली, “बरां झालां बाबा, सुटलंस त्या पापातसून.” तिला वाटलं, मला उपरती झाली. सगळ्यांनाच तसं वाटलं. मग मलाही तसं वाटायला लागलं. अंड्याची गोष्ट पहिल्या वर्षी मी घाबरत सांगितली. नंतर कुठे थांबायचं ते कळलं. पुढे पुढे तर ती माझ्यासमोर खरीच घडल्यासारखी दिसायची.

गेल्या हिवाळ्यात मॅडम निवृत्त होणार होत्या. शेवटचा कार्यक्रम तुमचाच हवा, म्हणाल्या. मी गेलो तर पहिल्या रांगेत त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगी. मी ओळखलं नाही. मॅडमनीच सांगितलं, “ही मनवा. बंगलोरला असते, मुद्दाम आलीय.”

त्या दिवशी मी ती गोष्ट गाळली. अजगर दाखवला, कासव फिरवलं, आभार मानायला सुरुवात केली. तर मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या, “परब, ती इग्वानाची राहिली की!”

मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा – नको, सांगू नका. मला माहीत आहे. मी ती सांगितली. नेहमीसारखी. नेहमीच्या जागी थांबलोसुद्धा.

टाळ्या संपायच्या आत मनवा उठली. माइक मागितला. “ती मुलगी मी,” ती मुलांना म्हणाली. “मी अकरा वर्षांची होते. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.” मुलांनी तिच्यासाठी माझ्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर मी सामान आवरत होतो तेव्हा ती मागे आली. हसत हसत, सहज बोलत होती. म्हणाली, काका, तुम्हाला गंमत सांगू? मी त्यानंतर अंडं खाल्लंच नाही. आणि कुणाला काही भरवायचं म्हटलं ना, की हात जागीच थांबतो. बाबा शेवटी अंथरुणावर होते. डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितली होती, पातळ, चमच्याने. मी वाटी घेऊन बसायचे. आई शाळेतून यायची तेव्हा तीच भरवायची. मला नाही जमलं. बाबा म्हणायचे, दे गं. नाही जमलं.

मग म्हणाली, “पण तुम्ही तेव्हा खरं सांगितलंत ते बरं झालं. दुसऱ्या कुणी उगाच समजूत काढली असती.”

आम्ही दोघंच होतो. मॅडम हॉलमध्ये मुलांच्या गराड्यात होत्या. यापेक्षा चांगली वेळ कुठली येणार होती? मी म्हणालो, “लहान होतीस गं तू.” एवढंच म्हणालो.

कासवाची पेटी टेम्पोत चढवायला तिने हात लावला. कासव मान वर काढून बघत होतं. मी पिशवीतली मेथीची जुडी काढून तिच्यापुढे धरली, म्हटलं, घाल त्याला, बघ कसं खातं.

ती एक पाऊल मागे सरली. “नको,” ती म्हणाली. “तुम्हीच घाला.”

मी घातली. ती हात मागे बांधून, ते चावताना बघत उभी राहिली. मग मी फळी लावली, टेम्पोवाल्याला चल म्हटलं, आणि पुढे जाऊन बसलो.