नकाशातून खोडलेली नदी

माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या मूल गावात पेढे वाटले ते राईस मिलच्या मालकांनी. वडील त्यांच्याकडे पोती उचलायचे. आपल्या हमालाची मुलगी भूगोल घेऊन पास झाली, याचा त्यांना खराखुरा आनंद झाला होता. भूगोलाचं पुढे काय करतात हे मात्र मिलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

ते ठाऊक होतं आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजातल्या सरांना. मी आज जी काही आहे त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पुस्तकं त्यांनी दिली, होकायंत्र हातात धरायला त्यांनी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर एका छोट्या संस्थेसाठी नद्यांचे नकाशे करायचं काम घेतलं तेव्हा मलाच सोबतीला बोलावलं. ज्या नद्या अजून मोकळ्या वाहतात, ज्यांच्या काठाचं जंगल टिकून आहे, त्यांचे तुकडे चालत जाऊन कागदावर उतरवायचे. उद्या कोणी तिथे धरण काढलं किंवा रेतीचा ठेका मागितला, तर इथे काय काय आहे ते दाखवता आलं पाहिजे, एवढा साधा त्यामागचा विचार.

घरी हे सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी घास तसाच हातात ठेवला.

"नदी मोजायले मानूस ठेवते? ते का पळून चालली?"

आई चुलीपाशी होती. "पळूनच तं चालली असते ना जी," ती म्हणाली. "नदी व्हय ते."

वडिलांनी हातातला घास तोंडात घातला, आणि माझी नोकरी मंजूर झाली.

आम्ही तिघं होतो. सर, मी आणि जीप चालवणारे चाचा. चाचा वरोऱ्याचे. त्यांच्या घरी दोन पिढ्या गॅरेजचं काम होतं, तरी आमची जीप त्यांनाही दाद द्यायची नाही. पावसाळा सरून भामरागडचा रस्ता मोकळा झाला, तसे आम्ही पामुलगौतमी नदीच्या काठच्या एका माडिया आदिवासींच्या गावात जाऊन पोचलो. शाळेच्या खोलीत मुक्काम टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी, टेप, खुणेचे बांबू घेऊन नदीवर उतरलो.

काठावर हळूहळू माणसं जमली. सगळे आमच्या दोरीकडे बघत होते. सरांनी रामराम केला, तरी नजरा दोरीवरच राहिल्या. शेवटी एका म्हाताऱ्या भाऊंनी विचारलं,

"धरण कुठी बांधता?"

"धरण नाही भाऊ," सर म्हणाले. "धरण होऊ नये म्हणून आम्ही मोजतो आहोत."

"होऊ नये तं मोजता कायले?"

त्या भागात नदीवर दोरी धरणारा माणूस एकाच कामासाठी येतो, हे लोकांनी ऐकलेलं होतं, काहींनी पाहिलेलंही. तेवढ्यात मागून चाचा आले.

"अरे भाऊ, धरणवाले असतो तं असल्या जीपमध्ये आलो असतो का? काल धक्का तुमीच मारला ना!"

धक्का मारणारे तिथेच उभे होते. त्यांच्यातला एक हसला, मग त्याने बाकीच्यांना माडियात सांगितलं आणि सगळा काठ हसायला लागला. त्या दिवसापासून आम्हाला डोंगा मिळाला, तो वल्हवायला माणूस मिळाला, आणि अंगणवाडीच्या बाई मिळाल्या.

या बाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांना मराठी नीट बोलता येत होतं, वाचताही येत होतं, म्हणून सरांचं म्हणणं गावाला आणि गावाचं म्हणणं आम्हाला त्याच सांगायच्या. मला त्या पहिल्या दिवसापासून "पोरी" म्हणत. मी टेप लावला की त्या विचारायच्या, "किती भरली?" मी आकडा सांगितला की समाधानाने मान हलवायच्या, जणू नदीने परीक्षा दिली होती.

गावाच्या हद्दीत दोन डोह होते. मोठ्या डोहात कोणी कधी जाळं टाकत नसे. तिथे मासे वाढायचे. लहान डोह उन्हाळ्यात एकदा उघडायचा. म्हणजे सगळ्या गावाने मिळून, ठरल्या दिवशी, एकदम पाण्यात उतरायचं आणि जे मिळेल ते घराघरात सारखं वाटून घ्यायचं. बाई त्या दिवसाचं वर्णन करायच्या तेव्हा त्यांचे हातच बोलायचे. लेकी माहेरी येतात, म्हणाल्या, आणि जावई वाट्यासाठी रुसतात.

मी दोन्ही डोह निळ्या खडूने रंगवले, काठावरची अर्जुनाची झाडं काढली, खडकांवरून पाणी उड्या घेतं ती जागा रेघा मारून दाखवली. इतका सुंदर तुकडा आम्हाला आधी कुठेच मिळाला नव्हता. काम संपल्यावर गावाला नकाशा दाखवायचा, ही सरांची पद्धत. एका सकाळी गोटुलापुढे, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरापुढे, गाव जमलं. मी बांबूला कागद बांधला. राखायच्या तुकड्याभोवती रेघ होती आणि वर चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, "राखीव नदी".

बाईंनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग माडियात सांगितलं, आणि आतापर्यंत नकाशात आपलं घर शोधणारी माणसं कागदापासून मागे सरकली.

मला कळेना काय झालं. सरांच्या मात्र चेहऱ्यावरून दिसलं की त्यांना कळलं. आमच्या भागात "राखीव" हा शब्द जंगलाला लावतात. राखीव जंगल म्हणजे काडी उचलायची नाही, ढोर न्यायचं नाही, आणि दिसलात तर गार्ड विचारणार.

"आमचा लहान डोह या रेघेच्या आत आहे का बाहेर?" बाईंनी विचारलं.

"आत," मी म्हणाले.

"मंग खोडा."

"काय खोडा?"

"नदी. वरच्या गावची राहू द्या, खालच्या गावची राहू द्या. आमची खोडा."

सरांनी समजावून पाहिलं. खालच्या अंगाला बाहेरची माणसं येऊन पाण्यात विष कालवून मासे मारून गेली होती, ते गावानेच आम्हाला सांगितलं होतं. हा तुकडा कागदावर कोरा राहिला, तर इथे राखण्यासारखं काही नव्हतंच असं उद्या कोणीही म्हणेल, असं सर म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, गावाला सांगितलं, आणि पुन्हा म्हणाल्या, "खोडा." त्यांचंही चुकत नव्हतं. बाहेरच्यांपासून वाचवलेला डोह आपल्यालाच बंद होणार असेल, तर वाचून काय उपयोग?

मी खोडरबर घेऊन बसले. पेन्सिलीच्या रेघा निघाल्या, पण निळा खडू निघेना. जितका घासावा तितका पसरत गेला. झाडांत गेला, शेतांत गेला, घरांपर्यंत आला. म्हातारे भाऊ वाकून बघत होते.

"पूर आला ना जी!" ते म्हणाले.

रागावलेल्या लोकांनाही हसू आवरलं नाही. बाईंनी पदर तोंडाला लावला, पण लगेच मला दटावलं, "तू घास. हसून नको राहू." आणि मग स्वतःशीच पुटपुटल्या, "राखतो तं आमीच. आन् राखीव म्हन्ते."

माझा हात थांबला. मी धानाच्या मुलखातली. आमच्याकडे धान निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की शेतात मचाण बांधतात आणि डुकरांपासून पीक सांभाळतात. त्याला राखण म्हणतात.

"बाई," मी विचारलं, "धानाची राखण कोन करते?"

"ज्याचं धान त्यो."

"मंग राखण करनारा ते धान खाते का नाई?"

"खाईन नाई तं काय? नाई तं राखते कायले, तुझ्यासाठी?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली. मी पुराचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर नदी पुन्हा काढली आणि वर लिहिलं, "राखणीची नदी". खाली लिहिलं, "राखण करणार : गाव".

बाईंनी वाचून सांगितलं. त्यानंतर बराच वेळ गावाची आपसात चर्चा चालली. त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं आणि मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "लिही," म्हणाल्या. लहान डोह उन्हाळ्यात एकदा, गाव ठरवेल त्या दिवशी. मोठ्या डोहात जाळं कोणाचंच नाही, सरकारचं पण नाही, शाळेच्या गुरुजीचं पण नाही. मासे मारायला विष नाही, स्फोट नाही. रेतीला मशीन नाही.

"आन् गळ?" चाचांनी विचारलं. आल्यापासून ते रोज संध्याकाळी गळ टाकून बसायचे.

"गळ चालते," बाई म्हणाल्या. "तुमच्या गळाले मासा कुठी लागते, चाचा? त्याची भीती नाई."

तो नकाशा आम्ही बाकीच्या नकाशांबरोबर जिल्ह्याच्या कचेरीत सादर केला. तिथल्या एका साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "राखणीची नदी? हे कोणत्या कायद्यात बसतं?" सर शांतपणे म्हणाले, "कायदा शोधावा लागेल साहेब. नदी मात्र सापडली आहे." साहेब चांगले होते. हसले, आणि शब्द त्यांनी तसाच राहू दिला. पुढे तो कागद कुठल्या फायलीत गेला ते मला सांगता येणार नाही. एक प्रत गावाकडे होती, आणि बाईंनी ती अंगणवाडीच्या भिंतीवर, मुलांच्या बाराखडीशेजारी लावली होती.

उन्हाळ्यात निरोप आला, लहान डोह उघडतो आहे, या. आम्ही गेलो. माहेरी आलेल्या लेकींनी काठ भरून गेला होता. लहानमोठी सगळी माणसं ओरडत एकदम पाण्यात उतरली आणि पाणी क्षणात गढूळ झालं. दुपारी अर्जुनाच्या सावलीत पळसाच्या पानांवर वाटे पडले, दर घराला एक. बाई वाटे लावत होत्या. त्यांनी एक वाटा माझ्यापुढे सरकवला.

"बाई, माझं घर नाही इथे," मी म्हणाले.

"घर नाई तं का झालं? राखणीत आहेस ना तू?" त्यांनी माझ्या कोरड्या साडीकडे पाहिलं. "पन काठावर बसून खायाचं नाई. अजून तिकडच्या कोपऱ्यात हायेत मासे. ऊठ."

त्यांनी जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले. मागे चाचा माझ्या वाट्यातला सगळ्यात मोठा मासा निवडून आपल्या पानावर ठेवत होते.