येतो नाही, येते

नीलम हलगेकर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली त्याच दिवशी तिने माझी बेल वाजवली. घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, मी जरा मार्केटला जाऊन येतो." मी तिच्या मागे वाकून पाहिलं. म्हटलं, बोलणारा पुरुष कुठे लपलाय? मागे फक्त तिची सहा वर्षांची संजना उलट्या चपला घालून उभी होती.

माझं अर्धं आयुष्य गिरगावात गेलं. मीरा रोडला येऊन केस पिकले तरी तो ताठा काही गेला नाही. भाजीवाल्याशी मी हिंदीत बोलते, वॉचमनशी हिंदीत बोलते, पण कुणी मराठीत बोलायला लागलं की त्याच्या चुका काढायला सगळ्यात पुढे. मी लगेच विचारलं, "तुम्ही कुठले?"

"बेळगावचे की," नीलम म्हणाली.

तिकडे बायका अशाच बोलतात. मी आलो, मी जातो, मी जेवतो. बाई काय आणि बाप्या काय, क्रियापद एकच. कोल्हापूर, चंदगडकडेही हीच रीत आहे, हे मला मागाहून समजलं. म्हणजे ही चूक नव्हे, कानडी तर त्याहून नव्हे. पण मीरा रोडला एवढं खोलात कोण जातं?

नीलम एम.ए. झालेली, मराठी विषय घेऊन. तिच्या आईचे वडील सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्या घरात देवापुढे हात जोडले की मुलांना चांगले मार्क पडू देत आणि बेळगाव महाराष्ट्रात जाऊ दे, या दोन मागण्या ठरलेल्या असत. तिकडे ती ज्या मराठी शाळेत शिकवायची तिथे पोरं कमी होत गेली आणि वर्ग बंद पडले. इकडे सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झालेली आणि शिकवायला माणूस मिळेना. मीरा रोडच्या एका इंग्रजी शाळेने तिला घेतलं. नवऱ्याने, उत्तमने, बेळगावची फाउंड्रीतली नोकरी सोडली आणि तो काशीमीऱ्याच्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. कागदावर ते परराज्यात आले होते. त्यांच्या मनात मात्र ते घरी आले होते.

"आजोबा म्हणायचे, महाराष्ट्र आपल्याकडं येणार," नीलमने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "येईना तो. मग म्हटलं, मीच जातो की."

अशी हसून बोलणारी पोरगी होती. ते हसू शाळेच्या पहिल्या दिवशीच मावळलं. सहावीच्या वर्गात जाऊन ती म्हणाली, "मी आज तुम्हाला कविता शिकवतो." पहिल्या बाकावरच्या एका गुजराती मुलीने हात वर केला. "टीचर, यू आर फीमेल ना? मग शिकवतो नाही, शिकवते." वर्ग खदखदून हसला. त्या मुलीने व्याकरणाचा तक्ता पाठ केलेला, तिचं काय चुकलं? पण मधली सुट्टी व्हायच्या आत बाईंचं नाव पडलं होतं, 'नीलम सर'.

मग पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, मराठी शिकवायला टीचर कर्नाटकातून का आणली? प्रिन्सिपल मॅडम तशा भल्या बाई, मूळच्या केरळच्या. त्यांनी नीलमला बोलावून चहा पाजला आणि हळूच सांगितलं, "नीलम, बी केअरफुल. पेरेंट्स आजकल मराठी को लेके बहुत सेन्सिटिव्ह हैं." नोकरी अजून कायम झाली नव्हती. नीलम मान खाली घालून घरी आली. ज्या भाषेसाठी आजोबा तुरुंगात गेले, त्या भाषेत आपण नापास झालो, असं तिला वाटलं. तिने मला ते सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून तिने स्वतःची जीभ धरली. भांडी घासताना पुटपुटायची, येते, जाते, करते, बसते. बोलताना वाक्याच्या शेवटाला आली की किंचित थांबायची, पाण्याचा पाट ओलांडताना लुगडं सांभाळावं तशी, आणि मग 'येते' म्हणायची. राग आला किंवा घाई झाली की 'येतो' निसटायचंच. ते टाळायला तिने नवीच युक्ती काढली. बिल्डिंगमध्ये, दुकानात, रिक्षात ती सरळ हिंदीत बोलू लागली. हिंदीत 'आती हूँ' म्हणताना तिची कधी चूक व्हायची नाही. आता सांगा, बेळगावची मुलगी महाराष्ट्रात येते आणि मराठीच्या भीतीने हिंदी बोलते. मला हसू यायचं आणि तिची दयाही यायची. संजना मात्र झटपट तरबेज झाली. उत्तम काही बोलला की ती त्याचीही वाक्यं तपासायची.

संजनाही नीलमच्याच शाळेत होती, पण तिचा वर्ग आधी सुटायचा. दुपारी घरी आली की ती माझ्याकडे असायची. वर्षभर तसं चाललं. मग माझे गुडघे बोलू लागले, आणि नीलमने आईला कायमचं आणायचं ठरवलं. तिचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. आई, म्हणजे अक्काताई, बेळगावजवळ बेळगुंदीला एकट्याच. मुलीने बोलावलं म्हणताच त्यांनी म्हैस आणि घराची किल्ली भावाच्या, लवूमामांच्या, हवाली केली आणि दिवाळी होताच आल्या. पिशवीत रताळी, डब्यात खव्याचा कुंदा, अंगावर इरकली लुगडं. मला पाहताच म्हणाल्या, "तुम्हीच ना काकू? आता मी हितंच ऱ्हातो. पोरीला मी बघतो, तुम्ही गुडघं शेका."

बिल्डिंगमधल्या बायकांना करमणूकच झाली. खाली बाकावर अक्काताई बसल्या की कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "आजी, जेवलात का?" आणि "जेवलो की" ऐकून बाकीच्या फिसकन हसायच्या. अक्काताईंना त्याचं काही नव्हतं. "बाप्या म्हणा मला, काय बिघडतंय?" असं म्हणून त्या स्वतःच मोठ्याने हसत. पंधरा दिवसांत निम्म्या सोसायटीची नावं त्यांना पाठ झाली. मला तर दुपारची हक्काची सोबत मिळाली.

संजनाला त्या रोज एक गोष्ट सांगायच्या, रताळी चोरणाऱ्या कोल्ह्याची. कोल्हा म्हणायचा, मी शेतात जातो. कोल्हीण म्हणायची, मी पण येतो.

"आज्जी, कोल्हीण 'येते' म्हणेल," संजना अडवायची.

"आमच्यातली कोल्हीण हाय ती," अक्काताई म्हणायच्या. "ती 'येतो'च म्हणणार."

हे ऐकताना मी हसायचे. नीलम घरात असली तर स्वयंपाकघरात निघून जायची.

जानेवारीत शाळेत आजी-आजोबा दिवस आला. जे आजी-आजोबा येतील त्यांनी स्टेजवर जाऊन मराठीत चार वाक्यं बोलायची किंवा गोष्ट सांगायची. संजनाने सगळ्या वर्गाला सांगून टाकलं की माझी आज्जी कोल्ह्याची गोष्ट सांगणार. अक्काताईंनी इरकली लुगडं इस्त्रीला दिलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे वाटी द्यायला गेले होते, तेव्हा नीलम आईला समजावत होती.

"आई, तिथं जरा 'येते, जाते' म्हण. सगळे पेरेंट्स असतील."

अक्काताईंनी मनापासून प्रयत्न केला. "मी गोष्ट सांगतो," म्हणाल्या, जीभ चावली, "सांगते" म्हणाल्या, आणि पुढच्याच वाक्याला "ऐका, मी काय म्हणतो" झालं. त्यांचं त्यांनाच हसू आवरेना. नीलम हसली नाही. आत्ता कुठे 'नीलम सर' मागे पडलं होतं आणि महिन्याभरात नोकरी कायम व्हायची होती.

"नाहीतर तू बोलूच नकोस," ती म्हणाली. "नुसती बस."

अक्काताईंनी इस्त्री केलेलं लुगडं उचलून ठेवलं. म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही गेले. हॉल गच्च भरलेला, पालक मोबाइल वर धरून बसलेले. सूत्रसंचालन नीलमचं. काय सुंदर बोलत होती, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो आणि सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण संजना कुठली गप्प बसते? ती आज्जीचा हात धरून ओढत निघाली. प्रिन्सिपल मॅडमना वाटलं, आजीबाई लाजतायत. त्यांनी स्वतः पुढे होऊन अक्काताईंच्या हातात माइक दिला.

अक्काताईंनी माइक घेतला आणि मुलीकडे पाहिलं. बोलू का, असं त्यांचे डोळे विचारत होते. नीलमने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला आणि घाईघाईने म्हणाली, "मॅम, मम्मी को मराठी नहीं आती. वो कर्नाटक से हैं."

माइक चालू होता. सगळ्या हॉलने ते ऐकलं.

मॅडमचा चेहरा प्रेमाने फुलला. "सो स्वीट," त्या म्हणाल्या, "तो कन्नड में बोलिए ना, अम्मा." पालकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काताईंना बाजारात भाव विचारण्यापुरतीच कानडी येत होती. त्यांच्या वडिलांनी घरात त्या भाषेचा शब्द निघू दिला नव्हता. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि त्या जागेवर येऊन बसल्या. संजना रडवेली होऊन विचारत राहिली, "आज्जीला येते ना मराठी? मम्मा असं का बोलली?" मी तिला गप्प केलं. मला त्या हॉलमध्ये बसवेना.

संध्याकाळी नीलम माझ्याकडे आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. "काकू, माझ्या तोंडातून ते गेलंच कसं?" ती म्हणाली. "मला आईकडे बघायची लाज वाटते."

"मग जाऊन माफी माग," मी म्हटलं. मी काही गोड बोलणाऱ्यातली नाही.

"ती काही बोललीच नाही ना. ओरडली असती तर मागितली असती."

खरंच, अक्काताई त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी भाकऱ्या थापल्या, संजनाची वेणी घातली, सगळं नेहमीसारखं. फक्त त्यांची वाक्यं अर्धी झाली. "काकू, मी जरा खाली..." एवढं म्हणायच्या आणि हाताने जिन्याकडे दाखवायच्या. "दूध मी..." म्हणायच्या आणि पातेलं उचलायच्या. क्रियापदाशी आल्या की थांबायच्या. बाकावर जायचंही त्यांनी बंद केलं. कोल्ह्याची गोष्ट सांग म्हणून संजना मागे लागली, तर विसरलेय असं मानेनेच सांगितलं. हे सगळं नीलमला दिसत होतं. ती दिवसेंदिवस आक्रसत गेली, आणि तोंड उघडणं तिला तेवढंच जड होत गेलं.

मग एका सकाळी अक्काताईंनी सांगितलं, म्हशीचं लवूला जमत नाही, जायला पाहिजे. लवूमामांचा फोन आलेला कुणीच ऐकला नव्हता. नीलम म्हणाली, "आई, राहा ना." त्यावर अक्काताई शांतपणे म्हणाल्या, "तुझी नोकरी हाय बाई. ती आधी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण मुलीच्या वाटेत येतोय. तेच ऐकवत नव्हतं.

काशीमीऱ्याला हायवेवर बेळगावची खाजगी बस थांबते. उत्तम ड्यूटीवर होता म्हणून पोचवायला नीलम, संजना आणि मी गेलो. ट्रकांचा आवाज एवढा की बोलायचंच कारण पडलं नाही. बस आली. बसच्या क्लीनर पोराने सामान डिकीत टाकलं. अक्काताईंनी संजनाचा मुका घेतला, माझा हात दाबला आणि पायरीवर चढून वळल्या. सासरी जाताना, बाजाराला जाताना, आयुष्यभर त्यांनी उंबऱ्यावर एकच शब्द म्हटला असेल.

"नीलम," त्या म्हणाल्या, "ये..." आणि थांबल्या. त्यांचे ओठ हलले. मग अगदी जपून, शाळेतल्या मुलीने धडा म्हणावा तसं त्यांनी म्हटलं, "येते हं."

"आज्जीला जमलं," संजना टाळ्या वाजवत म्हणाली. "करेक्ट, आज्जी."

अक्काताई तिच्याकडे पाहून हसल्या. दार लागलं आणि बस निघून गेली.

नीलम तिथेच धुळीत उभी होती. तोंडावर पदर दाबून ती मला म्हणाली, "काकू, मी काय केलो हे."

"मम्मा, केलो नाही," संजना म्हणाली. "केलं."

"होय की," नीलम म्हणाली. "केलं."