हाडांतले पऱ्हे

करडीच्या तलावाचं पाणी सोडण्याचं काम तुलाराम मेश्रामकडे होतं. तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. गावाचा दंडक असा की सगळ्यांत टोकाच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, पाण्यासाठी हाक निघावी, धुऱ्याधुऱ्यावरून ती तलावापर्यंत पोहोचावी, आणि मगच तुडुम उघडावं. मधल्या कोणी कितीही आरडाओरडा केला तरी तुलाराम तलावाच्या पाळीवर बिडी ओढत बसून राही. गावातले सर्वांत मोठे शेतकरी केशवराव, पण त्यांनाही तो सुनावी, "तुमच्या बांधीत बेंडक्या पोहून राहिल्या, आन् तुमाले पानी कायले पायजे?"

अंगानं किरकोळ, डोळे कायम पिवळट. लहानपणापासून त्याची हाडं दुखत. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात, असं नागपूरच्या तपासणीत कळलं होतं. त्यानं ते कधी लपवलं नाही, आणि त्याचं रडगाणंही गायलं नाही.

त्र्याऐंशी साली, धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना, त्याला ताप आला. ताप लवकरच उतरला, पण माणूस पांढरा पडत गेला. ओठ, नखं, जीभ, कशातच रंग राहिला नाही. खाटेवरून उठलं की धाप लागे. बायको निर्मलाबाई बीट उकडून खाऊ घाली. तिचा भाऊ परसराम लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या आणी. फरक पडेना.

अशात एका दुपारी टोकाच्या बांधीची हाक आली. तुडुम दुसऱ्या कोणीही उघडलं असतं. पण हाक कानावर पडल्यावर तुलाराम पडून कसा राहणार? भिंतींना धरत तो पाळीपर्यंत गेला आणि तिथेच कोसळला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात आम्ही त्याला नेलं तेव्हा रहांगडाले नावाच्या तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "आजच रक्ताची बाटली चढवावी लागेल. यांच्या अंगात नवं रक्त बनणं थांबलंय."

परसरामचा चेहरा उतरला. बहिणीला बाजूला घेऊन तो म्हणाला, "बननंच थांबलं त बाटलीनं का होते? भाऊजीले घरी नेऊ. आपल्या मानसायत राहू दे."

निर्मलाबाई सरळ डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, थांबलं काहून?"

डॉक्टरबाई घाईत होत्या, तरी स्टूल ओढून बसल्या. "हाडांच्या पोकळीत कोवळ्या पेशी असतात. अंगात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडाला ते कळतं. ते रक्तातून एक निरोप धाडतं. निरोप पोहोचला की या पेशी तगतात, वाढतात आणि त्यांच्या तांबड्या पेशी होतात. निरोप नाही आला, तर बहुतेक मरून जातात."

खाटेवरून बारीक आवाज आला. "मंग माया आंगात हाक देनारा झोपला का?"

"छे! तो तर घसा फोडून ओरडत असेल. ऐकणारेच उरले नाहीत. तुम्हाला आलेला ताप एका विषाणूचा असावा. तो नेमक्या त्या कोवळ्या पेशी मारतो. माझं रक्त चार महिने टिकतं, असा ताप मला आला असता तर हे कळलंही नसतं. तुमचं दोन-तीन आठवडेच टिकतं."

"म्हंजे धानाचे कोवळे पऱ्हेच कीड खाऊन गेली," निर्मलाबाई म्हणाली. "मंग वरून किती बी पानी सोडा. मायं बीट गेलं, दादाचं टॉनिक बी गेलं. नवे पऱ्हे निघतीन का, बाई?"

"निघतात. शरीर त्या विषाणूला मारतं, आणि आठ-दहा दिवसांत नव्या पेशी येतात. तोवर माणूस तगला पाहिजे."

"मंग आमी घरी जात नाई."

रक्त परसरामचं जुळलं. त्याला सुईची भीती, आणि ते तुलारामला ठाऊक. "याचं रक्त? मंग मी बी सुई पाहून पळीन."

"भाऊजी, जास्त बोलसान त अर्धीच बाटली देईन."

त्यानं पुरी दिली. पुढे रोज सकाळी डॉक्टरबाई तुलारामच्या बोटाचा थेंब काचेवर घेत, निळ्या रंगात भिजवत आणि नव्या पेशी शोधत. त्या नसायच्या. बाटलीनं चेहऱ्यावर आलेला रंगही ओसरू लागला, तसा परसराम दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागला. निर्मलाबाई मात्र रोज 'पऱ्हे निघाले का?' असं विचारी, शेतात उगवण बघायला गेल्यासारखी, न घाबरता.

एका सकाळी डॉक्टरबाईंनी तिलाच सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. तिनं एक डोळा मिटून पाहिलं. काही गोल पेशींच्या आत निळी जाळी दिसत होती.

"हे जाळीवाले कोवळे हायेत?"

"कालच्या-परवाच्या. आणि भरपूर आहेत. आता दुसरी बाटली नको."

त्या दिवशी तुलारामनं स्वतःच्या हातानं भात खाल्ला आणि आणखी मागितला. परसराम बाहेर जाऊन डोळे पुसून आला. बहिणीला म्हणाला, "मी त त्याले घरीच नेत होतो."

"मंग आता ने," निर्मलाबाई म्हणाली. "पायी चालवत ने."